रेंज जायची तिथे

“आणि मोबाइलवर शिकलेलं, ते शिकणं नव्हे का, फादर?”

शलाका अजून धापा टाकत होती. आश्रमाची टेकडी ती जवळजवळ धावतच चढून आली होती.

फादर लुद्रिक केळीला पाणी घालत होते. त्यांनी जन्मभर पियानो शिकवला होता, आणि पंचक्रोशीतला एकुलता एक पियानो त्यांच्याच आश्रमात होता. रविवारी तिथे संगीतसभा होती. तीत कुणी वाजवायचं, हे फादर ठरवत. शलाकाला तिथे वाजवायचं होतं, आणि तेवढ्यासाठी ती दोन एसट्या बदलून आली होती.

फादरांनी फक्त “कुणाकडे शिकलीस?” एवढंच विचारलं होतं. तेवढ्यानेच बाईसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“पडद्यावर रंगीत पट्ट्या वरून खाली येतात, फादर. निळी आली की डावा हात, हिरवी आली की उजवा. पाहिजे तर सावकाश लावा, पाहिजे तर पुन्हा लावा. व्हिडिओतल्या बाई कधी चिडत नाहीत, कधी रजेवर जात नाहीत!”

“भाग्यवान आहेस,” फादर म्हणाले. “मी दोन्ही करायचो.”

त्यांनी झारी खाली ठेवली.

“चल. ऐकव.”

खरा पियानो शलाकाने आजवर पडद्यावरच पाहिला होता. घरी होता तो मामाने दिलेला, बॅटरीवर चालणारा कीबोर्ड. तिने भीत भीत एक पट्टी दाबली. सूर थेट पायाखालच्या फरशीतून वर आल्यासारखा वाटला.

“अगं बाई!” ती ओरडलीच. “हा तर जिवंत आहे!”

मग काय विचारता. पट्ट्या जड होत्या, बोटं दुखत होती, पण पोरगी वाजवत सुटली. शेवटचा सूर संपला तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

“पुन्हा,” फादर म्हणाले.

तिने पुन्हा वाजवलं. पहिल्यापेक्षा जलद.

“पुन्हा.”

या वेळी फादर तिच्या शेजारी बाकावर येऊन बसले आणि खालच्या पट्ट्यांवर तिच्या जोडीने वाजवू लागले. मध्येच एका जागी त्यांनी दोन्ही हात उचलले.

शलाकाने पाहिलं, तर तिचेही हात वरच होते.

“इथे का थांबतेस?”

“मी? मी कुठे थांबले?”

“तिन्ही वेळा.”

शलाकाने हातांकडे पाहिलं... फादरांकडे पाहिलं... आणि मग तिला हसू आवरेना.

“अहो फादर, इथे आमची रेंज जायची! आमचं गाव डोंगराच्या आड. व्हिडिओ दर वेळी इथवरच लोड व्हायचा आणि हटकून अडकायचा. पडद्यावर ते चाक गरगरत राहायचं. रेंज आली की पुढे सुरू.”

हसता हसता तिच्या लक्षात आलं, की आपण अडकलेला व्हिडिओही पाठ केला आहे. तिचा चेहरा खर्रकन उतरला.

“काढून टाकते, फादर. आत्ताच्या आत्ता. रविवारचं नाही म्हणू नका.”

तिने तेवढाच तुकडा घोटला. घोटून घोटून सरळ केला. मग पहिल्यापासून वाजवलं. कुठे अडखळली नाही, कुठे रेंगाळली नाही.

“आता?”

“अगदी त्या बाईंसारखं,” फादर म्हणाले.

शलाकाची कळी खुलली.

“मग रविवारी त्या बाईंनाच बोलावू या,” फादर म्हणाले.

...

खिडकीबाहेर केळीची पानं हलत होती. शलाकाने ओठ घट्ट मिटून घेतले. इथे रडायचं नाही, असं तिने ठरवलं.

फादर उठले नाहीत.

“ते चाक गरगरायचं, तेव्हा तू काय करायचीस?”

“काय करणार? बसून राहायची.”

“नुसती?”

“नुसती नाही... पुढचा सूर कुठला येईल, ते मनातल्या मनात वाजवून बघायची. रेंज आली की ताडून पाहायची.”

“जुळायचा?”

“कधी जुळायचा. कधी नाही. रागावू नका, फादर. एक सूर होता... मला वाटायचं, त्यांच्यापेक्षा माझाच बरा.”

“मग?”

“सोडून दिला. चुकीचा होता ना.”

“वाजव.”

“पण फादर, तो व्हिडिओत...”

“वाजव.”

शलाकाने सुरुवातीपासून घेतलं. ती जागा आली. हात वर थांबले. मग करंगळी लांब गेली आणि भलत्याच पट्टीवर पडली.

तो सूर आला, आणि त्याच्यामागून दुसरा आला. तिसरा कुठला येणार, हे आता कुणीच सांगितलेलं नव्हतं. ती अडखळली, चुकली, मोठ्याने हसली, पुन्हा वाजवू लागली. किती वेळ वाजवत होती, तिला ठाऊक नाही. थांबली तेव्हा कानशिलं तापली होती आणि रडायचं नाही असं ठरवूनही डोळे वाहत होते.

“फादर! पुढे... पुढे अजून आहे!”

फादर केव्हाच उठून दाराशी गेले होते. झारी त्यांच्या हातात होती.

“रविवारी ये,” ते म्हणाले. “येताना रेंज घरी ठेवून ये.”