सहा मणांचं उत्तर

फार जुन्या काळची गोष्ट. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. डोंगराच्या पायथ्याशी गाव, आणि गावाला पाणी एकाच झऱ्याचं.

वरून दगडगोटे गडगडत येत, म्हणून पूर्वजांनी झऱ्याच्या तोंडावर तीस मणांची शिळा ठेवली होती. तिच्याखाली गाळ साचे आणि पाण्याची धार बारीक होत जाई. म्हणून वर्षातून एकदा ती शिळा उचलून, कोणीतरी खाली शिरून गाळ काढावा लागे.

उचलायची ती बारा हात लांबीच्या तुळईनं. तुळईखाली दगडाचा टेकू. एका टोकाला शिळा बांधायची, दुसऱ्या टोकाचे दोर सहा गड्यांनी ओढायचे. शिळा वर आली, की गड्यांच्या टोकाला दगडांनी भरलेला हारा टांगायचा. हाऱ्याचं वजन नेमकं असलं, तर गड्यांनी दोर सोडले तरी शिळा जागच्या जागी तोलून राही.

हाऱ्यात किती मण दगड घालायचे, ते पाठशाळेतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलानं किंवा मुलीनं ठरवायचं. आणि शिळेखाली कोणी शिरायचं? पंतोजींनी! उत्तर तपासायचंही नाही, मुकाट्यानं शिरायचं. "ज्यानं शिकवलं, त्यानं आपल्या शिकवण्याखाली निजून दाखवावं," असं गावातले म्हातारे म्हणत. आपल्याकडे ही रीत असती, तर किती मास्तरांना सुखाची झोप लागली असती, देव जाणे.

त्या वर्षी पाळी आली सगुणेची.

सगुणा मंद नव्हती हो, भित्री होती. लहानपणी एकदा धूळपाटीवर गणित मांडताना अडली, आणि सगळी पोरं फिदीफिदी हसली. तेव्हापासून अडणं म्हणजे लाज, असं तिच्या मनानं घेतलं. पंतोजींना काही विचारावं, तर ते सरळ उत्तर कधी देत नसत. उलट विचारत, "कुठे अडलीस, ते सांग." आता ते कळत असतं, तर विचारलं कशाला असतं? म्हणून तिनं विचारणंच सोडलं.

पाठशाळेच्या भिंतीवर एक म्हातारी पाल होती. वर्षानुवर्षं तिथेच चिकटून बसल्यानं पंतोजींची एकूण एक गणितं तिला तोंडपाठ झाली होती. सगुणा अडली, की ती वरून हळूच सांगे, "सतरा. लिही आणि मोकळी हो."

"पालीबाई, तुमच्यासारख्या तुम्हीच!" सगुणा म्हणे. पालीला तेवढंच हवं असायचं. कौतुक कोणाला नको असतं?

अशी तीन वर्षं गेली. सगुणेचं एकही उत्तर चुकलं नाही आणि तिला एकही गणित आलं नाही.

शिळा उचलायच्या दोन दिवस आधी पंतोजी म्हणाले, "सगुणे, झऱ्यावर जा. स्वतःच्या हातानं मोज, आणि मग उत्तर आण."

सगुणा झऱ्यावर गेलीच नाही. ती भिंतीपाशी गेली.

"शिळेचं ना? त्यात काय एवढं!" पाल म्हणाली. "दर साली तेच असतं. सहा मण."

"नक्की?"

"चुक, चुक, चुक," पालीनं ग्वाही दिली. पाल चुकचुकली म्हणजे बोलणं खरं, असं तर आपणही मानतो. सगुणेनं सहा लिहून नेलं.

"मोजलंस?" पंतोजींनी विचारलं.

"हो," ती खाली बघत म्हणाली.

उचलायच्या दिवशी सगळा गाव झऱ्यावर लोटला. हैबती नाईक गड्यांचा म्होरक्या. तो दोर तपासता तपासता कोणाला तरी म्हणाला, "यंदा जुनी जागा खचली. टेकू हातभर मागं घ्यावा लागला, शिळेपासून लांब."

सगुणेनं ते ऐकलं. तिच्या मनात पाल चुकचुकली. भिंतीवरची नव्हे, मनातली, आणि ही पाल सहसा खोटं बोलत नाही. पण सगुणा स्वतःला म्हणाली, 'हातभरानं काय होतंय? आणि आता सांगितलं तर सगळ्या गावापुढे शोभा होईल.' ती गप्प राहिली.

ढोलावर पहिली थाप पडली. आता तिसरी थाप पडेपर्यंत कोणी अवाक्षर काढायचं नाही, अशी रीत. सहा गड्यांनी दोर ओढले. शिळा करकरत वर आली.

दुसरी थाप. हारा टांगला. पंतोजींनी धोतराचा काचा मारला, सगुणेकडे बघून हसले, आणि पालथे पडून सरपटत शिळेखाली गेले. आधी डोकं दिसेनासं झालं, मग पाठ, मग पाय.

आता दोर ढिले पडायला हवे होते. पडले नाहीत. गड्यांच्या मानेच्या शिरा तशाच ताठ होत्या. हैबतीनं सगुणेकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत एकच प्रश्न होता: वजन बरोबर आहे ना? तिसऱ्या थापेला गडी दोर सोडणार. आणि शिळा खाली येणार.

ढोलकऱ्यानं हात उचलला.

"थांबा!" सगुणा किंचाळली. "सोडू नका! दोर सोडू नका!"

गावात हलकल्लोळ माजला. "पोरीला वेड लागलं! रीत मोडली!"

"पंतोजी, बाहेर या!" ती रडत ओरडली. "मी मोजलंच नव्हतं! ते उत्तर माझं नव्हतं! मला गणित येतच नाही!"

शिळेखालून धापा ऐकू आल्या. "अंगरखा अडकलाय, पोरी. मागं सरकता येईना."

"मग टाका की हाऱ्यात हाताला लागेल तो दगड!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"गप ए!" हैबती दातओठ खात म्हणाला. "जास्त झालं तर शिळा उसळून सरकेल आणि म्हातारा चिरडेल. सगुणे, नेमकं सांग, आणि लवकर सांग. हात भरून आलेत आमचे."

सगुणेला भिंत आठवली, पाल आठवली, पण पाल काही इथे नव्हती.

"सगुणे," खालून आवाज आला. अगदी पाठशाळेतला. "कुठे अडलीस?"

"सुरुवातच येत नाही, पंतोजी."

"बरं झालं सांगितलंस. शिळेपासून टेकूपर्यंत मोज."

ती धावली. कोपरापासून बोटांपर्यंत एक हात, दोन हात. "तीन!"

"टेकूपासून हाऱ्यापर्यंत?"

"नऊ!"

"नऊ म्हणजे तिनाच्या किती पट?"

"तिप्पट."

"तिप्पट लांबून जोर लावला, तर जोर जास्त लागेल की कमी?"

तिनं डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदाच ती एखाद्या गणिताकडे नीट बघत होती. "कमी. तिसरा हिस्सा. तीस मणांचा तिसरा हिस्सा... दहा! पंतोजी, दहा मण!"

"बरोबर की चूक?"

"तुम्ही सांगा ना!"

"मी शिळेखाली आहे, बाळ. तू सांग."

तिनं मनातल्या मनात दहाची तिप्पट केली, तीस भरले. मग म्हणाली, "बरोबर. हैबतीकाका, आणखी चार मण घाला!"

एकेक मणाचे दगड तयारच होते. एक पडला. दुसरा पडला. तेवढ्यात एका गड्याचा घामेजलेला हात निसटला, दोर सुटला, आणि शिळा वीतभर खाली बसली. खालून जी किंकाळी आली, ती गाव पुढे कधी विसरला नाही. गड्यांनी जिवाच्या आकांतानं दोर पुन्हा खेचले. तिसरा दगड पडला, चौथा पडला. दोर ढिले झाले. गड्यांनी हळूहळू हात काढले. शिळा जागची हलली नाही.

पंतोजींना बाहेर ओढून काढलं. जीव वाचला, पण उजव्या पायाचा घोटा पार चुरडला होता.

पाठशाळेत आल्यावर सगुणा पालीवर कडाडली, तर पाल म्हणाली, "माझ्यावर का डाफरतेस? गेल्या सालापर्यंत सहाच होतं. तू उत्तर मागितलंस, मी दिलं. कसं काढायचं, ते कधी विचारलंस?"

सगुणा पुन्हा पहिल्या इयत्तेत, लहान पोरांत जाऊन बसली. पोरं हसली, हसू दिलं. "पंतोजी, मी इथे अडले," असं ती दिवसातून दहादा म्हणे, आणि पंतोजी काठी टेकत, लंगडत तिच्यापाशी येत.

नवी पोरं विचारत, "पंतोजी, तुमच्या पायाला काय झालं?"

"काही नाही रे. दगड पडला," ते म्हणत.

"दगड नाही," सगुणा मान खाली न घालता सांगे. "मी उसनं उत्तर आणलं होतं. ते यांच्या पायावर पडलं."

तात्पर्य : अडल्यावर मदत जरूर मागावी, पण ती समजून घेण्यासाठी; न समजता घेतलेल्या उत्तराची शिक्षा बहुधा दुसऱ्यालाच भोगावी लागते.