लिओन्तिओस आणि न आलेलं उत्तर

ऐका बरं. फार वर्षांपूर्वी, आपल्या समुद्राच्या कितीतरी पलीकडे, बायझंटाईन बादशहाच्या राज्यात पेत्रूसा नावाचं एक बेट होतं. बेटावर चाळीस घरं, एक चर्च आणि त्या चर्चला एक बिशप. त्याचं नाव लिओन्तिओस. एवढ्याशा गावाला बिशप कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण होता खरा.

त्या गावची एक रीत होती. दर रविवारी प्रार्थनेत आधी हयात बिशपचं नाव वाचायचं, मग मेलेल्यांची नावं. प्रत्येक नावाला लोकांनी एकसुरात उत्तर द्यायचं, "स्मरण असो."

राजधानीत धर्मसभा भरली की राज्यातल्या साऱ्या बिशपांना बोलावणं जाई. लिओन्तिओस पहिल्या सभेला गेला तेव्हा त्याची दाढी काळीभोर होती. बादशहाचं म्हणणं पडलं, की चर्चमधली चित्रं म्हणजे मूर्तिपूजा, ती पुसून टाका. राजा बोले, दळ हाले. तीनशे बिशपांनी सह्या केल्या, त्यात याचीही एक. गावी आल्यावर एकही गवंडी हात लावेना, तेव्हा यानं स्वतःच कुंचला उचलला आणि भिंतीवरची मरियममाता चुन्यानं पांढरी करून टाकली.

ती मरियम कालीनिकी नावाच्या बाईच्या नवऱ्यानं रंगवली होती. त्यांची एकुलती एक मुलगी सातव्या वर्षी तापानं गेली, म्हणून बापानं मरियमेला तिचाच चेहरा दिला होता. पुढे तोही वारला. कालीनिकी रोज भिंतीपुढे बसून लेकीशी बोलायची. आता समोर नुसता चुना. तिनं ना आरडाओरडा केला, ना शाप दिला. पण रविवारी लिओन्तिओसचं नाव वाचलं गेलं तेव्हा ती गप्प राहिली, आणि तिच्याकडे बघून अख्खं गाव गप्प राहिलं.

अशी तीस वर्षं गेली. नाव वाचलं जाई आणि उत्तर येत नसे. लग्नं त्यानंच लावली, पोरांना बाप्तिस्मा त्यानंच दिला, पण जेवायला त्याला कुणी थांबवलं नाही. तीनशे जणांच्या सभेत बसून आलेला माणूस घरी एकटा भाकरी मोडायचा. असं म्हणतात, की तो समुद्राकडे तोंड करून स्वतःचंच नाव घ्यायचा आणि लाटा तेवढ्यापुरत्या थांबायच्या.

मग बादशहा बदलला आणि दुसरी सभा भरली. आता ठरलं, की चित्रं पवित्र आहेत. पूर्वी सह्या केलेल्यांना मधोमध उभं करून विचारलं गेलं. कुणी म्हणालं, मी तेव्हा लहान होतो. कुणी म्हणालं, भीती घातली होती. लिओन्तिओस म्हणाला, "कुंचला माझ्याच हातात होता." तीनशे जणांच्या त्या सभेनं त्याला माफी दिली. म्हातारा होडीतून हसत हसत परतला. त्याला वाटलं, संपलं एकदाचं.

धक्क्यावरच त्यानं ती बातमी सांगितली. कालीनिकी पुढे आली.

"स्वामी," ती म्हणाली, "तीनशे जणांनी माफ केलं म्हणता. त्यातल्या एकाची तरी पोर त्या भिंतीवर होती का?"

दुसऱ्या दिवसापासून तो नखांनी चुना खरवडू लागला. नऊ वर्षं खरवडत होता. त्याच्या नखांतला चुना कधी गेलाच नाही, असं म्हणतात. समुद्रात हात बुडवला की पाणी दुधासारखं व्हायचं. पण चुन्याबरोबर रंगही निघत गेला. नऊ वर्षांनी भिंतीवर उरला तो फक्त एक कान. लहान मुलीचा, त्यात एक बारीक डूल.

कालीनिकी येऊन त्या कानाला बोट लावून उभी राहिली. मग आली तशी निघून गेली. त्या रविवारी नाव वाचलं गेलं तेव्हा तिनं तोंड उघडलं होतं, असं लोक सांगतात. तिला उत्तर द्यायचं होतं हो! पण त्या नावाला एकोणचाळीस वर्षं मुका राहिलेला गळा, शब्द फुटेना, आणि वाचणारा पुढच्या नावावर गेला. लिओन्तिओस वेदीकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ करून हात जोडून उभा होता. त्याला काहीच कळलं नाही. मंगळवारी तो गेला.

पुढच्या रविवारी त्याचं नाव मेलेल्यांत वाचलं गेलं. तेव्हा कालीनिकी ओरडली, "स्मरण असो!" अशी ओरडली, की चाळीसही घरांच्या भिंतींचा चुना एकदम गळून पडला आणि म्हातारी तिथंच ढसाढसा रडू लागली.

पेत्रूसावर आजही त्याचं नाव वाचतात. वाचून झालं की सगळे एक श्वासभर गप्प राहतात, मग उत्तर देतात. पोरं मध्येच हसली तर चिमटा बसतो. आणि गावात दोघांचं बिनसलं, एकानं अबोला धरला, तर जुनी माणसं निवाडा करत बसत नाहीत. रुसलेल्याला दुसऱ्याच्या दारापर्यंत ढकलत नेतात आणि म्हणतात, "त्याला ऐकू येतंय तोवर बोल."