उपरण्याखालचा हात

ही कथा मी सांगायची नव्हती. विहारात भंते ती मोठ्या माणसांना सांगत होते आणि मी खांबाआड बसून ऐकली. "लहानांना ही नको, तिचा शेवट गोड नाही," असे ते म्हणाले होते. तरी सांगते.

पूर्वी शिलावती नगरात वज्रसेन राजाचा अंमल होता. त्या काळी बोधिसत्त्व त्याच्या पदरी अमात्य होते आणि त्यांचे नाव विशाख होते.

ते राज्य डोंगराळ होते. धान्याचा भाव काय, तांडा कुठवर आला, नदीला पाणी किती चढले, हे सारे निरोप एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर आवाजाने जात. एवढ्या लांब पोचणारे आवाज दोनच होते, नगारा आणि शिंग. एकाच खोऱ्यात दोघांनी नगारे वाजवले तर ठोक्यांत ठोके मिसळत आणि कोणाचाच निरोप कळत नसे. म्हणून एक आवाज एकाच पेढीला मिळे, तोही राजाच्या हुकमाने, एका तपासाठी.

आवाज देण्याची रीत बैलबाजारातल्यासारखी होती. अमात्याच्या हातावर उपरणे टाकत. एकेक व्यापारी त्याखाली हात घाली आणि अमात्याची बोटे दाबून आपली बोली सांगे. मग अमात्य नुसते नाव पुकारत. कोणाची बोली किती, ते बाहेर कधीच येत नसे.

नगारा विशाखांनी पिंगलक श्रेष्ठीला दिला होता. त्याची बोली खरोखरच सर्वांत मोठी होती. विशाखांनी त्याची सुपारीसुद्धा घेतली नव्हती, आणि त्या दिवशी ते घरी जाऊन शांत झोपले होते.

आता शिंग द्यायचे होते. नदीच्या खालच्या काठावर सुभगा नावाची बाई होड्यांचा धंदा करी. विशाखांनी तिला बोलीसाठी बोलावले. ती आली, पण बसली नाही.

"मी कशाला बोली लावू, अमात्य? शिंगही श्रेष्ठीच्याच घरी जाणार, असं सगळे म्हणतात."

"लोक काहीही म्हणतात. मी आजवर कोणाचं काही घेतलेलं नाही."

"नसेल घेतलं. पण कापडाखाली कोण डोकावलंय? तुमचा हात स्वच्छ आहे हे तुम्हांला एकट्याला माहीत. आम्हांला त्याचा काय उपयोग?"

मग तिने सांगितले. गेल्या पावसाळ्यात नगाऱ्याने पुराचा इशारा दिला. खालच्या काठाने घरातले धान्य मिळेल त्या भावाला विकले आणि टेकडी गाठली. पाणी आलेच नाही. धान्य घेणारी माणसे पिंगलकाची होती.

"खरं की खोटं हे पडताळायला दुसरा आवाजच नाही," सुभगा म्हणाली. "आता नगारा वाजला की आमची पोरं त्यावर नाचतात."

विशाख राजाकडे गेले. "महाराज, या खेपेला उपरणं नको. चौकात, सर्वांदेखत बोली होऊ दे. आणि ज्याच्याकडे नगारा आहे, त्याला शिंग नको."

पिंगलक तिथेच बसला होता. "लग्नातसुद्धा अंतरपाट असतो की, अमात्य. सगळंच उघड्यावर कशाला?"

"तो शेवटी काढतात, श्रेष्ठी."

राजाला हसू आले. पण तो म्हणाला, "आज कापड काढलं तर लोक मागचे सौदेही विचारतील. पुढच्या खेपेला पाहू."

बोलीच्या दिवशी चौक भरला. सुभगाही आली. तिने विशाखांची बोटे घट्ट दाबली. सर्वांत शेवटी पिंगलकाने हात घातला. तो हात विशाखांच्या तळव्यावर सैल पडून राहिला. एकही बोट दाबले गेले नाही.

"बोली सांगा, श्रेष्ठी," विशाख हळूच म्हणाले.

"कशाला? राजवाड्यात सगळं ठरलंय. तुम्ही फक्त नाव पुकारा."

विशाखांनी दुसऱ्या हाताने उपरणे ओढून काढले. सैल पडलेला तो हात साऱ्या चौकाला दिसला.

"श्रेष्ठींनी किती बोली लावली ते पाहून घ्या," विशाख म्हणाले.

मागून कोणीतरी म्हणाले, "हात शेकायला आलेत वाटतं." लोक हसले. राजा हसला नाही. त्याने विशाखांची अमात्यमुद्रा काढून घेतली. शिंग कोणालाच दिले नाही, ते राजाच्या कोठीत पडून राहिले. विशाख खालच्या काठावर जाऊन सुभगेच्या नावांचे दोर वळू लागले.

भाद्रपदात एका दुपारी नगाऱ्याने पुराचा इशारा दिला. "श्रेष्ठीची कोठारं रिकामी झाली वाटतं," एक नावाडी म्हणाला. विशाखांनाही क्षणभर तसेच वाटले. मग त्यांनी नदीला मिळणाऱ्या ओढ्याकडे पाहिले. ओढ्याचे पाणी उलटे, गावाकडे चढत होते.

ते दारोदार धावले. "या वेळी नगारा खरं सांगतोय, उठा." बोलीच्या दिवशी जे चौकात होते, ते त्यांच्या शब्दावर उठले आणि सुभगेच्या नावांत बसले. पण बरेच जण उठले नाहीत. शेवटच्या दारातली म्हातारी म्हणाली, "नगारा त्याला दिला कोणी? तुम्हीच ना?"

विशाख तिथेच हात जोडून उभे राहिले, आणि पाणी आले. सुभगेने नावेतून दोर फेकला. विशाखांनी तो म्हातारीच्या कमरेला बांधला. दुसऱ्यांदा दोर फेकायला तिथे ना गल्ली उरली होती, ना विशाख.

पुढच्या वर्षी भर चौकात, उघड्या हातांनी बोली झाली आणि शिंग सुभगेला मिळाले. खालच्या काठावर ते ऐकायला थोडीच घरे राहिली होती.

ही कथा सांगून तथागत भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा पिंगलक तो देवदत्त, राजा तो आनंद, सुभगा ती उत्पलवर्णा, आणि विशाख अमात्य तो मीच." बोधिसत्त्वाने पुरी करायची सत्य पारमिता ती हीच. पण भंते म्हणाले की नुसते खरे वागून ती पुरी होत नाही, त्या खरेपणावर ज्यांना विसंबायचे असते त्यांना ते दिसले पाहिजे, नाहीतर इशारा खरा असला तरी माणसे जागची हलत नाहीत आणि मग त्या गल्लीतल्या… आई हाक मारते आहे, मी