चिंगीचं टबडक हरवलं

या रे या, बसा मांडीवर. एक या मांडीवर, एक त्या मांडीवर. चुळबुळ नको. ऐका.

एक होती चिंगी. चिंगी म्हणजे घोडी. पण केवढी? एवढीशी! पाय आखूड, पाठ चिमुकली. चालायची कशी?
टबडक टबडक, टबडक टबडक.

तिचे मालक अप्पाराव. अप्पाराव चांगले भक्कम. त्यात वाईट काय? माणसं भक्कम असतात. घोडेही भक्कम असतात. अप्पारावांकडेच एक होता की! भीमा त्याचं नाव. उंच उंच, रुंद पाठीचा.

पण त्या गावाची एक खोड होती. कुणी भेटलं की म्हणायचं, "अगंबाई, किती वाळलात हो!" लठ्ठ भेटो, लुकडा भेटो. "किती वाळलात हो!"
सगळे नुसतं म्हणायचे. अप्पारावांना ते खरंच वाटलं!

"भीमावर जाडी माणसं बसतात," अप्पाराव म्हणाले. "मी तर वाळलोय. मी चिंगीवर बसणार."
आणि बसले. धप्प!

चिंगीची पाठ वाकली. पाय थरथरले. चिंगी निघाली. कशी निघाली?
फरफट फरफट, फरफट फरफट.

"अगं आई गं!" चिंगी म्हणाली. "माझं टबडक कुठे गेलं?"
पुढे बघितलं, नाही. मागे बघितलं, नाही. टबडक हरवलं!

चिंगी म्हणाली,
"अप्पाराव, अप्पाराव, खाली उतरा. माझं टबडक काही सापडेना!"
अप्पाराव म्हणाले, "मी? मी का उतरू? मी फुलासारखा हलका. आधी शिंप्याने मापू दे. तो जड म्हणाला, तर उतरेन."
अप्पाराव भरपेट जेवले होते. जेवण आलं अंगावर. तिथेच, चिंगीच्या पाठीवर, झोपले.
घोर्रर्र… फुस्स. घोर्रर्र… फुस्स.

चिंगी गेली शिंपीकाकांकडे. फरफट फरफट, फरफट फरफट.
"शिंपीकाका, शिंपीकाका,
अप्पाराव उतरेना,
माझं टबडक काही सापडेना!
तुम्ही तरी मापा ना!"

शिंपीकाकांनी वर बघितलं. घोर्रर्र! अप्पारावांच्या अंगरख्याची गुंडी तुटली. टक्! शिंपीकाकांच्या नाकावर बसली.
"शू! हळू बोल," शिंपीकाका म्हणाले. "मी नाही मापणार. रागावले तर दिवाळीचे कपडे दुसरीकडे शिवतील. मी त्यांना सांगतो, अप्पाराव, कापडच आटलं! आधी वैद्यबुवांना बोलू दे. मग मी मापेन."

चिंगी गेली वैद्यबुवांकडे. फरफट फरफट, फरफट फरफट.
"वैद्यबुवा, वैद्यबुवा,
शिंपी मापेना,
अप्पाराव उतरेना,
माझं टबडक काही सापडेना!
तुम्ही तरी बोला ना!"

वैद्यबुवांनी झोपलेल्या अप्पारावांची नाडी बघितली. पोटावर टिचकी मारली. डुब् डुब्!
"शू! हळू बोल," वैद्यबुवा म्हणाले. "मी नाही बोलणार. लाडू बंद करा म्हटलं, तर पुन्हा येतील का माझ्याकडे? मी सांगतो, अप्पाराव, पोटात नुसता वारा आहे! आधी वाण्याला तोलू दे. मग मी बोलेन."

वारा म्हणे! चिंगीला विचारा, वारा असा असतो का?

चिंगी गेली वाणीदादाकडे. फरफट… फरफट… फर… फट.
आता तिची पाठ ठणकत होती. डोळ्यांत पाणी आलं होतं.
"वाणीदादा, वाणीदादा,
वैद्य बोलेना,
शिंपी मापेना,
अप्पाराव उतरेना,
माझं टबडक काही सापडेना!
तू तरी तोल ना!"

वाण्याच्या दुकानात हा मोठ्ठा काटा टांगलेला. एका पारड्यात गुळाच्या दोन ढेपा. दुसरं पारडं रिकामं.
"शू! हळू बोल," वाणीदादा म्हणाला. "मी नाही तोलणार. माझा अर्धा गूळ अप्पारावच खातात. ते रुसले तर गूळ कोण नेईल? आणि ओझ्याचं मला काय विचारतेस? ओझं कळतं गाढवाला. आधी गाढवाला बोलू दे. मग मी तोलेन."

दुकानाच्या दारातच कुंभाराचं गाढव उभं होतं. नाव गंप्या. पाठीवर दोन गोण्या. शेपटीने माशा हाकत होतं. सट् सट्.

"गंप्यादादा, गंप्यादादा,
वाणी तोलेना,
वैद्य बोलेना,
शिंपी मापेना,
अप्पाराव उतरेना,
माझं टबडक काही सापडेना!
तू तरी सांग ना!"

गंप्याने एक कान वर केला. मग दुसरा कान वर केला.
"माझ्या पाठीवर गोण्या किती?"
"दोन," चिंगी म्हणाली.
"दोन गोण्या, गाढव चालतं. तिसरी टाकली, की गाढव बसकण मारतं. मग कुंभार गुपचूप गोणी काढतो. आम्ही गाढवं गं बाई, पण आम्हाला आमचं माप ठाऊक! तू तर घोडी. तुला ठाऊक नाही?"
"मग मी काय करू?"
"मार बसकण!"
"इथेच?"
"इथेच!"

चिंगीने पुढचे पाय दुमडले. चिंगीने मागचे पाय दुमडले. आणि मारली बसकण. फतक्!

अप्पाराव घसरले. घरंगळले. गडगड गडगड गडगड… धुम्म!
कुठे पडले? वाण्याच्या रिकाम्या पारड्यात!
अप्पारावांचं पारडं खाली. धाड्! ढेपांचं पारडं वर. सुंऽऽय! एक ढेप उडाली आणि गंप्याच्या पुढ्यात पडली.
गंप्या आनंदाने ओरडला, "हाँऽऽ ची! हाँऽऽ ची! जऽऽड! जऽऽड!"

गाढव बोललं, आणि वाण्याने काटा बघितला. "जड! मी तर केव्हाचं म्हणत होतो!"
वाण्याने तोललं, आणि वैद्यबुवा धावत आले. "जड! मी तर केव्हाचं म्हणत होतो!"
वैद्य बोलले, आणि शिंपीकाकांनी फीत काढली. ती अप्पारावांच्या पोटाला पुरलीच नाही. "जड! मी तर केव्हाचं म्हणत होतो!"
म्हणत होते का रे? मुळीच नाही! लबाड कुठले!
शिंप्याने मापलं, आणि अप्पाराव उतरले. उतरले कसले, पडलेच होते की.

अप्पारावांनी डोळे चोळले. काट्याकडे बघितलं. मग तिघांकडे बघितलं.
"मग रोज मला वाळलात का म्हणता?"
तिघं म्हणाले, "अहो, ती म्हणायची पद्धत आहे!"
"तुमची पद्धत," अप्पाराव म्हणाले, "आणि पाठ मोडते चिंगीची!"
त्यांनी चिंगीच्या पाठीवरून हात फिरवला. "चुकलं गं माझं, चिंगे," म्हणाले.

अप्पाराव गेले भीमाकडे.
भीमा म्हणाला, "इतका वेळ कुठे होता? उभं राहून राहून कंटाळलो मी!"
अप्पाराव बसले. भीमा हललासुद्धा नाही. निघाला ऐटीत.
ढबडक ढबडक, ढबडक ढबडक.

आणि चिंगीवर कोण बसलं? अप्पारावांची नात ठकी. ठकी केवढी? एवढीशी! चिंगीची पाठ वाकली नाही. पाय थरथरले नाहीत. चिंगीने एक पाय उचलला. दुसरा पाय उचलला. आणि काय ऐकू आलं?
टबडक टबडक, टबडक टबडक!
सापडलं! सापडलं! चिंगीचं टबडक सापडलं!

दुसऱ्या दिवशी अप्पाराव भीमावर, ठकी चिंगीवर. वाटेत तिघं भेटले. शिंपी, वैद्य आणि वाणी. खोड जाते का कुठे? तिघांनी तोंड उघडलं,
"अप्पाराव, किती वाळ—"
चिंगी थांबली. मान वळवली.
"मारू बसकण?"
"नको नको नको!" तिघं पळाले धूम.

चिंगी गेली टबडक टबडक. गोष्ट गेली तिच्या मागे.
चला, आता तुम्हीही उतरा माझ्या मांडीवरून. मुंग्या आल्या माझ्या पायाला.
नाही उतरत? मारू बसकण?