एक्केचाळिसावा भोपळा

फार फार मागची गोष्ट, डोंगरातल्या एका राज्याची. तिथे मातीच्या बांधाने अडवलेला मोठा तलाव होता आणि बांधावर राखणीला एक तरुण बाई. पान हललं तरी दचकायची.

राजाचा तिला हुकूम होता, "दिसेल ते कळव." तिथली रीत अशी: निरोप पानावर लिहायचा, पान वाळक्या भोपळ्यात घालायचं आणि भोपळा पाटाच्या पाण्यात सोडायचा. तो वाहत वाहत खाली राजवाड्यात, कारभाऱ्याच्या पुढ्यात येई.

पहिल्या दिवशी तिने तीन भोपळे सोडले. मग तिच्या जिवाला घोर लागला. आपण जे कळवलं नाही तेच नेमकं महत्त्वाचं निघालं तर? झालं, सुरूच झालं. 'वारा सुटला. बाकी ठीक.' 'वारा पडला. बाकी ठीक.' 'बगळा उतरला. बाकी ठीक.'

एकदा कारभारी वैतागून वर आला. "अगं बाई, बगळा उतरला तर महाराजांनी काय त्याला ओवाळायला यायचं?"

"हुकूमच आहे ना तसा," ती म्हणाली. "आणि काही राहून गेलं, तर?"

कारभाऱ्याने हात जोडले. त्या दिवसापासून आलेले भोपळे तो न उघडताच कोठीत टाकू लागला.

पुढे एका दुपारी बांधाच्या पायथ्याशी तिला ओल दिसली. झिरपणारं पाणी नितळ असेल तर भीती नसते. हे गढूळ होतं. बांध आतून पोखरला जात होता. तिने लिहिलं, 'गढूळ पाणी येतंय. माणसं पाठवा.' त्या दिवसाचा तो एक्केचाळिसावा भोपळा. दिसायला आधीच्या चाळिसांसारखाच.

कोणी आलं नाही. तिने आणखी पाच सोडले. शेवटी मूठभर चिखल घेऊन ती बांधाखालच्या कुंभारवाडीत धावली.

"पळा! बांध फुटतोय!"

"आज काय, बेडूक शिंकला वाटतं?" चाकावर बसलेला एक जण हसला.

तिने मूठ उघडली. एका म्हाताऱ्या कुंभारणीने तो चिखल चिमटीत घेऊन चोळला, आणि तिचा चेहराच उतरला. "अरे, ही वरवरची माती नव्हे. बांधाच्या पोटातली आहे. उठा!"

माणसं टेकडीवर पोचतात तोच बांध गेला. वाडी वाहून गेली. अंथरुणाला खिळलेल्या एका म्हाताऱ्याला उचलायला वेळ पुरला नाही.

दरबारात तो भोपळा कोठीतून शोधून आणला. पान वाचून राजाने ते कारभाऱ्यापुढे धरलं.

"हिची बडबड नडली, महाराज," कारभारी म्हणाला. "हिचं लिहिणंच बंद करा."

"मग बांध कोण राखणार? तुम्ही वाचलं नाहीत, हा तुमचा दोष. काय कळवू नये हे मी सांगितलं नाही, हा माझा."

"आणि माझाही, महाराज," ती म्हणाली. "भीती वाटली की ती मी तुमच्याकडे पाठवून मोकळी व्हायचे."

नवा बांध झाला, तशी नवी रीत झाली. सगळं ठीक असेल तर संध्याकाळी एकच भोपळा. धोका असेल तर तेलात कालवलेल्या गेरूने लाल रंगवलेला. आणि आलेला प्रत्येक भोपळा कारभाऱ्याने उघडायचाच. सुरुवातीला तिचा हात शंभरदा पानाकडे जाई. ती तो आवरून धरी.

काही वर्षांनी एका सकाळी पाटातून लाल भोपळा आला. कारभाऱ्याने तो उघडेपर्यंत, वाहत्या पाटात लाल रंग पाहूनच, मातीच्या पाट्या घेऊन अर्धं गाव बांधाकडे निघालं होतं. त्या वर्षी बांध तगला.

तात्पर्य: जो सगळंच सांगत सुटतो, त्याचं मोलाचं सांगणं त्यातच बुडतं, म्हणून सांगण्याआधी निवडावं.