तिकिटावरचे संत

उत्तरेत नदीकाठच्या एका गावात एक वृद्ध आचार्य राहत असत. त्यांचा एक शिष्य होता. वय पन्नाशीपार, डोक्यावर केस थोडे आणि नावापुढे पदव्या पुष्कळ. त्या गावी पाचशे वर्षांपूर्वी एक संतकवी होऊन गेले. जातीने बुरूड. टोपल्या विणता विणता त्यांनी हिंदीत पदे रचली आणि त्या काळच्या शिष्टांनी त्यांना गावाबाहेर काढले.

या संतांच्या नावे टपाल तिकीट निघावे म्हणून शिष्याने अकरा वर्षे अर्ज केले. अखेर तिकीट निघाले. समारंभ थाटात झाला. मात्र बुरूडवस्तीतले कुणीच आले नाही. भाषणात शिष्य खंत व्यक्त करीत म्हणाला, "निमंत्रणे टपालाने रीतसर धाडली होती. पण घरच्या माणसांनाच या गौरवाची किंमत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या आचार्यांनी हात मांडीवरच ठेवले.

दुसऱ्या दिवशी शिष्याने एक कोरे तिकीट गुरुचरणी ठेवले. आचार्यांनी एक पाकीट घेतले, त्यात कोरा कागद घातला, वर बुरूडवस्तीतल्या, संतांच्या कुळातल्या रामरतीचे नाव लिहिले, मागे आपला पत्ता घातला आणि ते तिकीट चिकटवून टाकले.

शिष्य कळवळला. "गुरुजी, आता यावर काळा शिक्का बसेल. आणि आत तर काहीच लिहिलं नाही तुम्ही."

"तिला वाचता येत नाही," आचार्य म्हणाले. "जा, पेटीत टाकून ये."

बारा दिवसांनी पाकीट परत आले. 'पत्ता अपुरा' असा शेरा होता. शिष्य तणतणत टपाल कचेरीत गेला. पोस्टमन नम्रपणे म्हणाला, "साहेब, त्या वस्तीत घरांना नंबर नाहीत. तिथली पत्रं आम्ही नाक्यावरच्या दुकानात ठेवतो. दुकानदारानं घेतली नाहीत, की परत. तुमच्या निमंत्रणांचंही तेच झालं. गठ्ठा तुमच्या समितीच्या पत्त्यावर केव्हाच परत पाठवलाय."

शिष्य खाली मान घालून आचार्यांपुढे बसला.

आचार्य म्हणाले, "पाचशे वर्षांपूर्वी आपण त्यांना गावाबाहेर काढले. आता त्यांचे चित्र छापले आहे. ते देशभर फिरेल, फक्त त्यांच्या घरी पोचणार नाही. तुझ्या घरापासून ती वस्ती वीस मिनिटांवर आहे. या अकरा वर्षांत तू किती वेळा तिथे गेलास?"

शिष्य एकदाही गेला नव्हता. तो उठला, ते पाकीट घेतले आणि भर दुपारी नाला ओलांडून वस्तीत गेला.

रामरती दारात बसून बांबू चिरत होती. त्याने पाकीट पुढे केले. तिने हात पदराला पुसले आणि तिकीट डोळ्यांजवळ नेले.

"हे कोण?"

"तुमचे पूर्वज. संत. तुमच्याच कुळातले."

तिने पुन्हा नीट पाहिले. पांढरेशुभ्र वस्त्र, हातात जपमाळ, बोटे केळीच्या गाभ्यासारखी मऊ.

"याच्या हातावर एक चीर नाही," ती म्हणाली. "बांबूचं काम करणाऱ्याचा हात असा नसतो. आमच्यातला नव्हे हा. तुम्ही चुकीच्या घरी आलात, बाबूजी."

चित्रकाराने पहिल्या चित्रात संतांच्या हातात सुरी दाखवली होती आणि बोटांवर जुन्या जखमांचे वण रंगवले होते. तिकिटावर हे शोभत नाही, असे समितीच्या बैठकीत कुणी म्हटले होते ते शिष्याला स्वच्छ आठवले. त्यानेच म्हटले होते. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"घर बरोबर आहे," तो म्हणाला. "चित्र चुकलंय. आणि ते मी चुकवलंय."

रामरतीने पाकीट त्याच्या हाती परत दिले आणि पुन्हा बांबू चिरायला घेतला. चित्र चुकल्याचे तिला काही नवल वाटले नाही.