तांबडीचं दुखणं

“मग मी जाऊ ना, बाबा?”

हैदरशा फकीर सुपातले खडे वेचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्यांच्या शिष्याने, केरबाने, पुन्हा सगळं सांगितलं. नदीपलीकडच्या बोरगावची माणसं त्याला न्यायला आली होती, बाहेर झाडाखाली बसली होती. त्यांच्या गावचा दर्गा ओस पडला होता. दुखण्याखुपण्याने गांजलेले लोक येतात, त्यांना धीर देणारं कुणीतरी हवं होतं. बाबांनी डोक्यावर हात ठेवला की निघायचंच होतं.

“तुला कळतं दुखणं?”

“चेहरा बघितला की कळतं.”

“माणसं राहू दे. माझ्या कोंबड्यांत एक आजारी आहे. तेवढी दाखव आणि जा.”

केरबाला हसू आलं. नवस फेडायला आलेले लोक या कोंबड्या इथल्या दर्ग्यात सोडून जात, आणि त्यांना रोज दाणे टाकायचा तोच. त्याने मूठभर ज्वारी उधळली आणि उकिडवा बसून एकेकीला न्याहाळू लागला.

पांढरी फुगून कोपऱ्यात बसली होती, पण ती खुडूक, अंडी उबवायला बसलेली. काळीची मान उघडी पडली होती, पण ते पिसं टाकायचेच दिवस. तांबडी तर सगळ्यांना ढकलून पुढे घुसली होती, टपाटप चोच मारत होती.

“एकही आजारी नाही, बाबा. उगाच माझी परीक्षा बघताय.”

बाबा उठले. त्यांनी त्याचे खांदे धरले आणि त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

“आता बघ.”

“पाठ करून काय बघू?”

बाबा परत सुपाशी जाऊन बसले.

केरबा भिंतीकडे बघत राहिला. आधी राग आला. मग रागही दमला. भिंतीला काही दाखवायचं नव्हतं. गाल सैल पडले, खांदे उतरले. कितीतरी दिवस हातातली माळ नुसतीच फिरत होती, आत काही उतरत नव्हतं. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

“हळूच मान वळव,” बाबा पुटपुटले.

तांबडी बाजूला उभी होती. शेपूट खाली, मान अंगात ओढलेली, डोळे अर्धे मिटलेले.

केरबा उठला तशी तिने मान ताठ केली. पुन्हा टपाटप. या वेळी तो वाकून बघत राहिला. चोच दाण्याला लागत होती. दाणा जागच्या जागी राहत होता.

“ढोंगी आहे,” तो म्हणाला.

“आजारी दिसली की बाकीच्या टोचून काढतात. वर घार टपलेली असते. ती तरी काय करेल?”

केरबाने तिला उचललं. वरून पिसं भरघोस, आणि हाताला छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं.

“उदी लावू?”

“लाव. आधी तिचं पाणी वेगळं कर.”

बोरगावचा एक जण आत डोकावला. मरायच्या आत कापा, म्हणजे सगळेच जेवू, असं हसत म्हणाला. बाबांनी त्यालाच सायकलवरून जनावरांच्या डॉक्टरला आणायला धाडलं.

केरबाने चुलीजवळ ऊब होती तिथे गोणपाट अंथरलं. तांबडीला त्यावर ठेवून वर डालगं पालथं घातलं. बाकीच्यांचं पाण्याचं भांडं राखेने घासलं, खुराडं झाडून काढलं, हात साबणाने धुतले. मग डालग्याशी येऊन बसला. आत कुणी बघत नाही असं वाटून तांबडीने मान पुन्हा अंगात ओढून घेतली होती.

झाडाखालून हाक आली. निघायचं का, म्हणून.

केरबाने ओ दिली नाही.

“रोज मीच दाणे टाकतो, बाबा,” तो म्हणाला. “रोज माझ्यासमोर टिपायची...”

“टिपायची खरी.”

बाबा त्याच्याशेजारी बसले. त्याच्याकडे न बघता, चुलीकडे बघत.

“आणि तू रे, पोरा? तू कधीपासून उपाशी आहेस?”